डावीकडे आठ मिलिमीटर

आमच्याकडे, उत्तर इटलीत, कास्तेलफ्रांको आणि मोन्तेबेल्लूना यांच्या मधल्या गावांत, दर तिसऱ्या घरामागे एक शेड असते आणि तिच्यात कुणीतरी काहीतरी बनवत असतं. कुणी बुटांचे तळ, कुणी खुर्च्या, कुणी खिडक्या. ओरेस्ते चेस्कॉन सायकलच्या फ्रेमा बनवायचा. साध्यासुध्या नव्हेत; शर्यतीच्या, वारा कापत जाणाऱ्या, कार्बनच्या फ्रेमा. त्या बघून गावातले म्हातारे विचारायचे, की बाबा, हिची एक नळी कुठे राहिली? गावानं त्याचं नाव ठेवलं होतं 'वाऱ्याचा शिंपी'. ठेवलं थट्टेनं, पण त्यालाही ते आवडायचं, कारण तो खरंच शिंप्यासारखा काम करायचा. आधी माणूस मोजायचा, मग फ्रेमला हात लावायचा.

त्याच्या धंद्यात एक सल होता. बावीस वर्षं त्यानं फ्रेमा केल्या त्या दुसऱ्यांच्या नावाच्या. मोठ्या कंपन्या त्याच्याकडून करून घ्यायच्या, आपला रंग मारायच्या, आपलं नाव चिकटवायच्या. टीव्हीवर कुणी ओळखीच्या फ्रेमवर जिंकला की ओरेस्ते चौकातल्या बारमध्ये कॉफी पिता पिता म्हणायचा, "ही माझी." बारवाला म्हणायचा, "हो तर, आणि पोप माझा मेव्हणा." सगळे हसायचे. तोही हसायचा, पण घरी जेवताना गप्प असायचा. राबायचं एकानं आणि मिरवायचं दुसऱ्यानं, हा जगाचा रिवाजच आहे म्हणा. पण ज्याचं त्यालाच टोचतं.

इलेनिया ही त्याची एकुलती एक लेक. तेराव्या वर्षी गावच्या क्लबातून शर्यतीत उतरली आणि सतराव्या वर्षी तिला ट्रॅकचं वेड लागलं. दोन किलोमीटरची पाठलागाची शर्यत असते, तिचं. दोघी जणी ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी सुटतात आणि एकमेकींच्या मागे लागतात. खरी लढाई असते ती वाऱ्याशी. पोरगी लांब पायांची, अरुंद खांद्यांची. वाऱ्याला हिच्यात धरायला जागाच नाही, असं ओरेस्ते येईल त्याला सांगायचा. पुढच्या उन्हाळ्यात ती ज्युनिअर मुलींच्या राष्ट्रीय शर्यतीत उतरणार होती. तिची फ्रेम बाप करणार होता आणि तिच्यावर पहिल्यांदाच मोठ्या अक्षरांत 'चेस्कॉन' लिहिलं जाणार होतं. फ्रेमचा पत्ता नव्हता, पण अक्षरांचा रंग ठरून गेला होता. पिवळा.

शेडच्या मधोमध मापाचा लोखंडी घोडा होता. त्याची सीट, हँडल, पायडल, सगळं पुढेमागे, वरखाली सरकायचं. त्यावर माणसाला शर्यतीत बसतो तसं ओणवं बसवायचं, शेवटच्या मणक्यावर कपड्यावरून खडूची खूण करायची आणि छताला टांगलेला पितळी ओळंबा मागून सोडायचा. गवंडी भिंत बघतो तसा ओरेस्ते माणूस बघायचा. मग पंधरा मिनिटं पायडल मारायला लावून पुन्हा बघायचा, कारण पहिल्या मिनिटाला सगळेच सरळ बसतात, फोटोला बसल्यासारखे. खडूची खूण दोऱ्यापासून किती सरकली, ते तो वहीत तारखेनिशी टिपून ठेवायचा.

ज्या म्हाताऱ्या कारागिराकडे तो शिकला, त्यानं त्याला एकच गोष्ट बजावली होती. माणूस सरळ नसतोच. कुणाचा पाय आखूड, कुणाचा खांदा उतरलेला. त्याला सरळ करायला जाऊ नकोस, फ्रेम त्याच्यासारखी कर. ओरेस्तेनं हे पक्कं गाठीला बांधलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या सांगण्यात काडीचीही चूक नव्हती. तिथेच तर घात झाला.

चौऱ्याण्णव सालच्या ऑक्टोबरात त्यानं इलेनियाला घोड्यावर बसवलं, तेव्हा खूण डावीकडे तीन मिलिमीटर निघाली. वर्षापूर्वी ती दोऱ्याच्या खाली होती, अगदी नाकासमोर. त्यानं विचारलं, तर पोरगी म्हणाली की उजव्या बाजूला बसलं की आत काहीतरी टोचतं, जास्त नाही, थोडंसंच. ओरेस्तेनं तिच्या सायकलीची सीट तीन मिलिमीटर डावीकडे घेतली, उजवीकडून जराशी तासली, आणि वहीत लिहिलं: १६ ऑक्टोबर, डावीकडे ३.

त्याची बायको नीवेस मोन्तेबेल्लूनाला बुटांच्या कारखान्यात तळ चिकटवायच्या कामावर होती. दिवसभर मान खाली घालून डिंकाच्या वासात उभी असायची, पण घरातलं तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. त्या आठवड्यात तिनं ताटं उचलता उचलता विषय काढला.

"तिला झानेल्लांकडे ने एकदा." झानेल्ला म्हणजे गावचे डॉक्टर.

"डॉक्टरला सायकलवर बसण्यातलं काय कळतंय?" ओरेस्ते म्हणाला. "तो म्हणणार, महिनाभर सायकल बंद. त्यांना तेवढंच येतं."

"ती खुर्चीतसुद्धा तशीच बसते, ओरेस्ते. एका अंगावर. खुर्चीला कुठे पायडल असतात?"

"खुर्च्या पण वाकड्याच करतात हल्ली," तो म्हणाला आणि उठला. शेजारच्या खुर्चीवाल्याशी त्याचं जुनं वाकडं होतं, म्हणून नीवेसलाही हसू आलं. त्या हसण्याचाही तिला पुढे फार राग आला, स्वतःचाच.

आठवड्याभरात पोरीचं दुखायचं थांबलं. तीच नाचत शेडमध्ये सांगायला आली. मग काय विचारता! ओरेस्तेनं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बायकोला ऐकवलं, "बघ. तुझ्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या असत्या. मी तीन मिलिमीटर दिले." नीवेसनं मान हलवली आणि मक्याच्या पिठाची पोलेंता ढवळत राहिली. तिचा नवरा या बाबतीत कधी चुकला नव्हता. मिलानचा एक नामांकित सायकलपटू तीन वर्षं गुडघा धरून बसला होता, त्याला ओरेस्तेनं एका दुपारात बरा केला होता. अशा माणसाशी बुटांचे तळ चिकटवणाऱ्या बाईनं काय वाद घालायचा?

जानेवारीत खूण डावीकडे पाच झाली. उजवी मांडी टेपनं मोजली तर डावीपेक्षा सेंटिमीटरभर कमी भरली. ओरेस्तेनं ठरवलं, पोरगी डाव्या पायानं जास्त जोर लावते. त्यानं उजव्या पायडलाचा दांडा थोडा आखूड बसवला, बुटाच्या आत पातळ पट्टी घातली. पुन्हा दुखणं पळालं. इलेनियाची वेळही सुधारली.

तुम्ही म्हणाल, डोळे होते ना त्याला? होते की! आमच्या अख्ख्या व्हेनेतो प्रांतात तसे डोळे दुसऱ्या कुणाला नव्हते. केसाएवढा फरक त्याला दुरून दिसायचा. पण ते डोळे फ्रेम शोधत होते. शरीर बदललं, तर हा विचारायचा की आता फ्रेम कशी बदलू. शरीर का बदललं, हे विचारायची त्याला सवयच नव्हती. चाळीस वर्षांची बाई असती, सरकारी नोकरीतला जाड माणूस असता, तर कदाचित विचारलंही असतं. ही तर रोज साठ किलोमीटर सायकल मारणारी, गालांवर लाली असलेली पोरगी होती.

पण एकदा विचारलं त्यानं. हे सांगायलाच हवं, नाहीतर गोष्ट खोटी होईल. मार्चच्या एका रविवारी खूण डावीकडे आठवर गेली. तीन म्हणजे सवय, पाच म्हणजे खोड. आठ त्यानं त्या वयाच्या पोरीत कधी पाहिले नव्हते. इलेनिया घोड्यावर ओणवी, पायडल मारत, क्लबातल्या कुणाची तरी नक्कल करत होती. तो मागे पेन्सिल धरून थांबला. त्याला वाटलं, झानेल्लांना दाखवावं का? लगेच दुसरंही वाटलं, की ते आराम सांगतील. जुलैत शर्यत. चार महिने. त्यानं वहीत लिहिलं: १२ मार्च, डावीकडे ८. आणि शेजारी, बारीक अक्षरांत: जुलैनंतर डॉक्टर?

ते प्रश्नचिन्हसुद्धा त्यानं व्यवस्थित काढलं होतं.

एप्रिलमध्ये त्यानं फ्रेम केली. साचा त्यानं तीनदा केला, तीनदा मोडला. सीटचा सगळा भाग मधल्या रेषेपासून आठ मिलिमीटर डावीकडे, आणि तरी बाहेरून बघणाऱ्याला पत्ता लागणार नाही अशी वळणं. कार्बनच्या कापडाचे थर, राळ, भट्टी, मग पंधरा दिवस घासकाम. नीवेसच्या टोपलीतल्या लाल लोकरीचे बोटभर तुकडे त्यानं फ्रेमवर चिकटवले आणि वारा पडलेल्या सकाळी आझोलोच्या उतारावर इलेनियाला पायडल न मारता सोडलं. बाजूनं व्हॅन चालली होती. नीवेस व्हॅन चालवत होती आणि तो खिडकीतून अर्धा बाहेर. एकही धागा फडफडला नाही. सगळे निमूट पाठीमागे झोपलेले. ओरेस्ते खिडकीतून आत आला तेव्हा त्याच्या डोळ्यांना पाणी होतं. त्यानं सांगितलं, वाऱ्यानं.

जुलैत पादोवाच्या ट्रॅकवर इलेनिया जिंकली. दुसरीला तिनं जवळजवळ तीन सेकंदांनी मागे टाकलं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो आला, त्यात पोरीचा चेहरा अर्धा आणि 'चेस्कॉन' हे नाव पूर्ण. बारवाल्यानं फोटो कापून काचेवर लावला आणि सगळ्यांना आपल्या खर्चानं प्रोसेक्को वाइन पाजली. ओरेस्तेच्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला आठवडा होता. एवढंच, की जुलै संपला तरी त्यानं डॉक्टरचं नाव काढलं नाही.

ऑगस्टमध्ये इलेनियाला चर्चच्या पायऱ्या चढवेनात. नीवेसनं या वेळी कुणाला विचारलं नाही. तिनं मुलीला गाडीत घातलं आणि झानेल्लांकडे नेलं. त्यांनी दाबून पाहिलं, तोंड बारीक केलं, आणि त्याच दिवशी एक्स-रेचे फोटो काढायला पाठवलं. चौथ्या दिवशी तिघं बोलोन्याच्या मोठ्या हॉस्पिटलात बसली होती.

समोर डॉक्टर मोन्तानारी होत्या. पन्नाशीच्या, शांत, शब्द जपून वापरणाऱ्या बाई. गाठ कमरेच्या हाडात होती, उजवीकडे आतल्या अंगाला. वाईट जातीची होती, आणि छातीच्या फोटोत दोन ठिकाणी ठिपके दिसत होते. बाईंनी काही लपवलं नाही. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं की हे कधीपासून. नीवेस म्हणाली, जूनपासून असेल. इलेनिया म्हणाली, छे, मेमध्ये एकदा दुखलं होतं. ऑक्टोबरातलं ते टोचणं सीटचं होतं आणि आठवड्यात गेलंही होतं, म्हणून दोघींनी ते हिशेबातच धरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, जितकं नेमकं सांगाल तितकं बरं. गाठ किती वेगानं वाढते त्यावर औषधं ठरतील.

वही ओरेस्तेच्या कोटाच्या आतल्या खिशात होती. फोटो काढले त्या दिवसापासून ती तिथेच होती. ती त्याला टाकवत नव्हती आणि उघडवतही नव्हती. तो गप्प राहिला असता तर कुणाला कळलं असतं? कुणालाही नाही. 'मे' असं लिहिलं गेलं असतं आणि बायकोच्या नजरेत तो एक बिचारा बाप राहिला असता. बाईंनी पेन टेकवलं. ओरेस्तेनं वही काढली आणि टेबलावर ठेवली.

"सोळा ऑक्टोबर," तो म्हणाला. "गेल्या वर्षीचा. सगळं आहे यात."

डॉक्टरबाई पानं उलटत गेल्या. तारखा, मिलिमीटर, मांडीचा घेर, दर वेळी पाठीचं छोटंसं रेखाटन आणि त्यावर दोरा. त्यांना क्षणभर आपण कुठे बसलोय याचा विसर पडला असावा, कारण त्या मनापासून म्हणाल्या, "पंचवीस वर्षांत मला इतकी व्यवस्थित नोंद कुणी आणून दिलेली नाही." मग त्या मार्चच्या पानावर आल्या. वाचून त्यांनी ओरेस्तेकडे पाहिलं आणि पान उलटलं. पण नीवेस शेजारीच बसली होती, आणि नवऱ्याचं बारीक अक्षर ती बावीस वर्षं वाचत आली होती.

ओरेस्तेनं विचारलं, ऑक्टोबरात आणलं असतं तर? बाई म्हणाल्या, आता पुढचं बघू या. एवढी शहाणी बाई, पण तिलाही खोटं बोलता आलं नाही.

त्यांनी वहीच्या झेरॉक्स काढल्या आणि वही परत दिली. नीवेसनं ती घेतली आणि आपल्या पर्समध्ये ठेवली. पोरीला दाखल करून दोघं परत निघाली. बोलोन्यापासून घरापर्यंत ती फक्त एकदा बोलली, टोलनाक्यावर, सुट्टे आहेत म्हणून.

मग जे व्हायचं ते होत गेलं. औषधं, उलट्या, केस जाणं, पुन्हा औषधं. ओरेस्तेनं शेडला कुलूप लावलं आणि हॉस्पिटलजवळ ननांच्या वसतिगृहात खोली घेतली. नीवेस शुक्रवारी कामावरून सुटली की यायची आणि रविवारी परतायची. ती आली की तो बाहेर जाऊन बसायचा.

डिसेंबरात एकदा तो इलेनियाला संत्रं सोलून देत होता. फोडींवरचे पांढरे धागे तो एकेक करून काढायचा, तिला ते आवडत नसत. तिनं विचारलं, "पप्पा, त्या वहीत काय होतं? मम्मा सांगत नाही."

त्यानं सांगितलं. तीन, पाच, आठ. शेजारी काय लिहिलं होतं तेही. सांगताना हातातली फोड त्यानं तशीच धरून ठेवली होती.

पोरगी छताकडे बघत होती. "मला वाटायचं मी सरळ बसतेय," ती म्हणाली.

"फ्रेमच तशी केली होती ना, बाळा."

"हो. छान केली होतीस."

मग तिनं भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी ती त्याच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी बोलली, नर्सच्या नकला केल्या, शर्यतींचा पेपर मागितला. तो विषय तिनं पुन्हा काढला नाही. ती ओरडली असती, संत्रं तोंडावर फेकून मारलं असतं, तर ओरेस्तेला जरा श्वास घेता आला असता. जगातल्या कुठल्याही बापानं असली शिक्षा भोगू नये, अगदी शत्रूनंसुद्धा.

मेमध्ये, शेतांत मका वीतभर आला होता तेव्हा, इलेनिया गेली. एकोणीस पुरी व्हायला सहा आठवडे होते. क्लबातल्या मुलींना तिची सायकल चर्चमध्ये शवपेटीशेजारी ठेवायची होती, सगळे तसं करतात. ओरेस्ते नाही म्हणाला. लोकांना वाटलं, त्याला बघवणार नाही. पंधरा दिवसांनी एका कंपनीचा माणूस आला, ज्या कंपनीसाठी त्यानं वर्षानुवर्षं बिननावाच्या फ्रेमा केल्या होत्या. तो दोन शब्द दुःखाचे बोलला आणि हळूच म्हणाला की त्या फ्रेमचा साचा मिळाला तर पुढच्या मोसमात सगळ्या टीमला तीच द्यायचा विचार आहे, चेस्कॉनच्या नावासकट. बावीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते दारात चालत आलं होतं. ओरेस्तेनं त्याला बाहेर काढलं, शेडचं दार आतून लावलं, साचा हातोड्यानं फोडला आणि फ्रेम करवतीनं कापायला घेतली. काळी धूळ नाकातोंडात गेली. कार्बन कापायला चिवट असतो, दोन तास लागले.

नीवेस घरात कामापुरतं बोलायची. गॅस संपलाय, पोस्टमन येऊन गेला, तुझा शर्ट दोरीवर आहे. दोष तिनं एकदाही दिला नाही. नातेवाईक म्हणत, काय धीराची बाई. कसला धीर! तिच्या घशात एक वाक्य अडकलं होतं. ते बाहेर पडलं तर नवरा उभा राहणार नाही, हे तिला कळत होतं, आणि ते गिळलं तर आपण उभ्या राहणार नाही, हेही. म्हणून ती ते तसंच धरून होती.

सप्टेंबरात ओरेस्तेनं शेड उघडली. माणसं येऊ लागली. पहिला आला तो बस्सानोचा एक औषधविक्रेता. घोड्यावर बसला, खूण उजवीकडे चार निघाली. ओरेस्तेनं टेप खाली ठेवली आणि म्हणाला, आधी डॉक्टरकडे जाऊन या, फोटो काढा, मग फ्रेमचं बघू. पुढच्या आठवड्यात एक शिक्षक, दोन भाऊ, एक वकीलबाई. सगळ्यांना तेच. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, पण हा तर पाणीसुद्धा फुंकू लागला. आझोलोचा पासष्टीचा नोटरी चिडला नाही, फक्त म्हणाला, "ओरेस्ते, मी वाकडा आहे हे माझ्या बायकोला लग्नापासून ठाऊक आहे." ओरेस्ते हसला नाही. नोटरी बिचारा डॉक्टरकडे जाऊन आला, ठणठणीत निघाला, आणि फ्रेम त्यानं दुसरीकडून करून घेतली.

कारण कोणीही सरळ निघत नव्हतं. तीन, चार, सहा. बावीस वर्षं त्याला हे माहीत होतं, याच ज्ञानावर तो जेवला होता. पण आता दोऱ्यापासून सरकलेली प्रत्येक खूण बघून तो टेप खाली ठेवायचा.

ऑक्टोबरात झानेल्लांनी नीवेसला कारखान्यात फोन केला. ते मायाळू गृहस्थ, अडखळत बोलत होते. म्हणाले, तुमच्या नवऱ्यानं महिन्याभरात नऊ जणांना माझ्याकडे पाठवलं, नऊच्या नऊ धडधाकट. मला त्रास नाही हो. पण त्याच्याशी कुणीतरी बोलायला हवं, आणि ते मी नव्हे.

तो शनिवार होता, दुपारची सुट्टी झालेली. नीवेस घरी आली, कामाचा एप्रनही न काढता अंगण ओलांडून शेडकडे गेली. दीड वर्षात तिनं तिथे पाऊल टाकलं नव्हतं. अंगण ओलांडता ओलांडता तिनं शब्द जुळवले. ती सांगणार होती, की बघ, मीही वाकडी आहे, सगळेच असतात, तुला कसं कळणार होतं. ते पूर्ण खरं नव्हतं, बारीक अक्षरांतली ती ओळ तिच्या पर्समध्ये होतीच. पण तिनं ठरवलं होतं, की उरलेली वर्षं या माणसाबरोबर काढायची तर कुणीतरी थोडं खोटं बोललंच पाहिजे, आणि ते आपण बोलू.

ओरेस्ते रिकाम्या बाकापाशी उभा होता. तिला बघून गडबडला.

"माझं माप घे," ती म्हणाली.

"तुझं? कशाला?"

"घे म्हणते ना."

ती आयुष्यात शर्यतीच्या सायकलवर बसली नव्हती. बूट काढून, एप्रन वर खोचून ती कशीबशी घोड्यावर चढली. त्यानं हात दिला, कोपरं कुठे टेकायची ते दाखवलं. किती महिन्यांनी त्यानं तिला हात लावला होता. ती ओणवी झाली. त्यानं तिच्या पाठीवर खडूची खूण केली आणि ओळंबा सोडला. ती पायडल मारायला लागली, हळूहळू, धापा टाकत. पंधरा मिनिटं गेली. नुसती साखळी वाजत होती.

"किती?" तिनं विचारलं.

"अकरा," तो म्हणाला. "डावीकडे."

"तिच्याहून जास्त."

"हो."

आता ती बोलणार होती. शब्द तयार होते, तोंडात आले होते. पण तिची पाठ त्याच्याकडे होती, तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता. आणि त्याचा आवाज आधी आला, बसका, घाबरलेला.

"नीवेस, उद्या डॉक्टरकडे जाऊ. उद्याच. सोमवारवर नको ढकलायला."

नीवेसचे पाय थांबले. हँडलवर कोपरं टेकलेली, मान खाली, ती तशीच राहिली. मग ती म्हणाली, आणि आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही, "हेच. एवढंच म्हणायचं होतंस रे तेव्हा. एवढंच."

ओरेस्ते ओळंब्याचा दोरा धरून उभा राहिला. त्याला सोडता येईना. ती रडू लागली तेव्हा तिची पाठ हलत होती आणि खडूची खूण दोऱ्याच्या या बाजूला, त्या बाजूला जात होती. तो पुढे आला नाही आणि ती उतरली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, तरी झानेल्लांनी दवाखाना उघडला. त्यांनी तिला नीट तपासलं, शेजारच्या गावी पाठवून फोटोही काढून घेतले. नीवेसला काहीही झालेलं नव्हतं.